१९७५ : प्रेक्षकांनी मागितलेला न्याय

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचा वेगळा विचार केला आहे. या यशाला ते सिद्धी म्हणतात आणि तिचे दोन प्रकार सांगतात. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, उठून उभे राहतात, अंगावरची वस्त्रं देऊन टाकतात, ती मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह तुडुंब भरूनही कुठे आवाज नाही, गडबड नाही, ती दैवी. गर्दीचा कौल एका शास्त्रकाराला इतका मोलाचा वाटला, तर तिकीटबारीचं नाव निघताच आपण नाक का मुरडावं? हिंदी सिनेमाच्या १९७५ सालाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

त्या जानेवारीत ‘दीवार’ आला, मेअखेरीस ‘जय संतोषी माँ’ आणि १५ ऑगस्टला ‘शोले’. मध्ये २५ जूनला आणीबाणी लागली. म्हणून या चित्रपटांना आणीबाणीची अपत्यं म्हणण्याचा मोह होतो, पण तारखा तसं म्हणू देत नाहीत. ‘शोले’चं चित्रीकरण १९७३ मध्येच सुरू झालं होतं. मूळ अस्वस्थता जुनी होती. १९७२चा दुष्काळ, जीव मेटाकुटीला आणणारी महागाई, १९७४चा रेल्वे संप हे सगळं सोसूनच माणसं तिकिटाच्या रांगेत उभी होती.

तिन्ही कथांमधल्या पीडिताला जिथून न्याय मिळायला हवा तिथून तो मिळत नाही. ‘दीवार’मधल्या विजयच्या हातावर बापाची बदनामी गोंदलेली आहे. आई देवळात जाते, तो पायरीवरच बसून राहतो. शेवटी कायदा जिंकतो, पदक पोलीस झालेल्या भावाला मिळतं; प्रेक्षकांचं काळीज मात्र विजयपाशी राहतं. ‘जय संतोषी माँ’मधल्या, सासरी छळ सोसणाऱ्या सत्यवतीला थेट देवीच पावते. मोठा नट नाही, मोठं भांडवल नाही, तरी या चित्रपटाला गर्दी लोटली. बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत, आरती ओवाळत. शुक्रवारचा उपास, गूळ-चण्यांचा नैवेद्य आणि आंबट वर्ज्य हे व्रत त्यानंतर घरोघरी पोहोचलं. याला भाबडेपणा म्हणून हसणं मला अन्यायाचं वाटतं. तक्रार ऐकून घेणारं दुसरं कुणी नसलेल्या माणसांनी ऐकणारी देवी निवडली होती.

‘शोले’तला ठाकूर तर स्वतः पोलीस अधिकारी. कायद्याचे हात सांगणाऱ्या माणसाचेच हात डाकू गब्बर तोडतो, आणि मग ठाकूर दोन चोरांना सुपारी देतो. सलीम-जावेद यांच्या मूळ पटकथेत ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी, पायांनीच गब्बरला संपवतो. सेन्सॉरला ते मान्य नव्हतं. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला आणीबाणीत कसा चालणार? दिग्दर्शक रमेश सिप्पींना शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. ऐन क्षणी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या हवाली करतो. चित्रपटभर ज्या रामगढ गावाला पोलिसांचा आधार मिळाला नाही, तिथे ते शेवटच्या मिनिटाला हजर होतात. तरीही मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक चालला. माझ्या मते लोकांनी तो चिकटवलेला शेवट कधी मनावर घेतलाच नाही.

मराठीत त्याच वर्षी दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’ने खाकी वर्दीवर लोकांना पोट धरून हसवलं, तर डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘सामना’ने निराळी वाट धरली. इथे देवी नाही, बंदूक नाही. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील आणि त्याच्यासमोर एक दारुडा मास्तर. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यातल्या त्या झुंजीत सूड नाही, म्हणून समाधानही सोपं नाही. न्यायाची मागणी त्या वर्षी सगळ्यांत धीटपणे केली ती ‘सामना’ने, असं माझं ठाम मत आहे.

‘शोले’चा मूळ शेवट पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेल्या प्रतीतून इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. तो जरूर पाहा, आणि त्याच आठवड्यात ‘सामना’ही पाहा.