ठाऊक असूनही



जुनी स्कूटर चालवलेल्यांना पेट्रोलचा कॉक आठवत असेल. गाडी गचके देऊ लागली की हात खाली घालून कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा. विमानात जवळपास हेच करताना गायक जॉन डेन्व्हर यांचा जीव गेला. आपल्याकडे गिटार शिकलेल्या कित्येकांनी ज्यांचे ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ वाजवले आहे, तेच हे.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथून त्यांनी आपले लहानसे ‘लाँग-ईझेड’ विमान उडवले. विमान घरगुती बांधणीचे आणि नुकतेच विकत घेतलेले. मूळ आराखड्यात इंधनाचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. इंधनाची नळी बसायच्या जागेतून जाऊ नये, ही त्यामागची काळजी. इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच, आणि त्यांवर खुणा नव्हत्या.

उड्डाणापूर्वी डेन्व्हर याविषयी एका तंत्रज्ञाशी बोलले. कॉकच्या दांडीला पकड लावून ती लांबवण्याचा प्रयत्न झाला, पण जमला नाही. तंत्रज्ञाने मागच्या काचा पाहण्यासाठी एक आरसा दिला. इंधन भरायचे का, असेही विचारले. तासाभराचेच उड्डाण आहे, गरज नाही, असे उत्तर मिळाले. कॉक फिरवताना विमान ऑटोपायलटवर ठेवू, असे डेन्व्हर म्हणाले. थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले.

इंजिन बंद पडले तरी असे विमान काही अंतर तरंगत जाते, उतरायला जागा शोधता येते. अमेरिकेच्या तपास मंडळाच्या निष्कर्षानुसार, कॉक फिरवण्याच्या धडपडीत त्यांचे लक्ष विचलित झाले, उजवे पेडल नकळत दाबले गेले आणि विमान ताब्यात राहिले नाही. इंधन न भरणे हेही मंडळाने कारणांतच धरले. कॉकची जागा आणि या विमानाचा अपुरा सराव यांचाही उल्लेख केला.

अज्ञानाने दोषाचे ओझे हलके होते, असे नीतिशास्त्र सांगते. पण इथे अज्ञान होते कुठे? अडचणीवर चांगली चर्चा झाली होती. संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्ला घेणे, पारख करणे आणि मग कृतीची आज्ञा देणे. तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि हयगय हा दोष ते तिच्याशीच जोडतात. डेन्व्हर यांनी सल्ला घेतला, अडचण ओळखली. ‘आधी टाकी भर’ ही आज्ञा मात्र स्वतःला दिली नाही. आरसा आणि ऑटोपायलट यांनी अडचण सुटली नव्हती, निभावून नेण्याची सोय तेवढी झाली होती. मनाला तेवढे पुरते. चिरलेल्या गॅसच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळली की आपल्यालाही पुरते.

बांधणाऱ्याला दोष द्यावा, तर त्याचा हेतू सुरक्षेचाच होता. फक्त त्या आसनावर उद्या दुसरा कोणी बसेल, याचा विचार झालेला दिसत नाही.

आणि तो तंत्रज्ञ? त्याने विचारले, पकड आणली, आरसा दिला. विमान त्याचे नव्हते. त्याला आम्ही दोषी म्हणणार नाही. पण समोरचा मोठा माणूस ‘गरज नाही’ म्हणाला की आपण सारे गप्प बसतो. पुन्हा विचारणे आगाऊपणाचे वाटते. त्याने पुन्हा विचारले असते, तर कदाचित डेन्व्हर नुसते हसले असते. कदाचित टाकी भरूनही घेतली असती.