खलाचे पाप वाढते कसे?

महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांना देवगड-मालवणकडचा दशावतार काही नवा नाही. खेळ रात्रभर चालावयाचा. लिहून काढलेली संहिता नाही. नटाने आख्यान मनात धरावे आणि उभ्याउभ्या संवाद बोलावा. पहाटे राक्षस मरतो आणि आपण समाधानाने घरी येतो. पण एका रात्रीत त्या राक्षसाचे पाप एवढे वाढले कसे, ह्याचा विचार कितीजण करतात? आम्हांस वाटते, साधकाने तो जरूर करावा.

प्रथम संकासुर पाहा. पूर्वरंगात काळा वेष करून, लांब जीभ लोंबवीत तो येतो. मालवणीत बोलतो, थट्टामस्करी करतो. पोरे आधी भितात, मग खदखदून हसतात. पण ह्याने केले आहे काय? अहो, ब्रह्मदेवाचे वेद चोरले आहेत! मर्म येथेच आहे. पाप दाराशी गदा परजीत येत नाही. हसत, करमणूक करीत येते. आणि पहिली चोरी सोन्यानाण्याची करीत नाही. बरेवाईट ज्याने मापावे ते मापच पळविते. माप गेल्यावर आपण किती खाली उतरलो हे कळावे कशाने?

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हीच उतरण सांगितली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, मग क्रोध, मग संमोह. पुढे स्मृती जाते, बुद्धी जाते आणि माणूस बुडतो. पहिली पायरी कोणती? नुसते चिंतन. शेजाऱ्याला ती दिसतही नाही.

आता विराटपर्वातला कीचक घ्या. खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. हा कीचक काही पहिल्या दिवशी लाथ मारीत नाही. सैरंध्रीला पाहतो, मनात घोळवतो, गोड बोलून मागणी घालतो. ती नकार देते, आपल्या गंधर्व पतींचे भय सांगते. येथे मागे फिरावयास वाट होती. तो फिरला नाही. त्याने आपल्या बहिणीला, सुदेष्णा राणीला, गळ घातली. तिने मद्य आणण्याचे निमित्त करून सैरंध्रीला त्याच्या घरी धाडले. तेथे त्याने हात धरला. ती सुटून राजसभेकडे धावली, तर भर सभेत त्याने तिला लाथ मारली. आणि विराट राजा? गप्प! राज्य सेनापतीच्या बळावर. त्याला बोलणार कोण?

म्हणजे कीचकाचे पाप एकट्या कीचकाने वाढविले नाही. राणीने वाट करून दिली, राजाच्या मौनाने जागा दिली. एका पायरीवर कोणी अडविले नाही, म्हणून पुढची सोपी झाली. भीमाने त्याला मारल्यावरही त्याचे भाऊबंद सैरंध्रीलाच दोषी ठरवून त्याच्याबरोबर जाळावयास निघाले. पाप अशा रीतीने घराण्याचे होते.

कोणी म्हणेल, “अहो, राक्षस तो राक्षसच. जन्माचा स्वभाव जातो थोडाच?” मग हिरण्यकशिपूच्या पोटी प्रल्हाद कसा? आणि वाल्याचा वाल्मीकी कसा झाला? नारदांनी वाल्याला घरी विचारावयास पाठविले, “माझ्या पापात वाटेकरी होता काय?” बायकामुलांनी चक्क ‘नाही’ म्हटले. त्या एका ‘नाही’ने वाल्या तरला. कीचकाला मात्र घरच्यांनी कधी ‘नाही’ ऐकविलेच नाही. आम्हांस दोघांतला खरा फरक हाच दिसतो.

वारकरी बंधुभगिनींनो, हे फक्त खेळातले नव्हे. शेजारी रोज पिऊन बायकोला मारतो, आपण ‘त्यांच्या घरची गोष्ट’ म्हणून हरिपाठाला बसतो. एखादा धाकट्या भावाचा बांध दरवर्षी वीतभर कोरतो, आणि तरीही आपण त्यालाच मानाने दिंडीत पुढे करतो. त्या वेळी आपण कोण असतो? विराटच ना? कोणाचा मत्सर करू नये, हे खरे. पण मत्सर न करणे निराळे आणि तोंड शिवून बसणे निराळे. द्वेष न ठेवता, पाया पडूनसुद्धा, ‘दादा, हे बरे नव्हे’ असे म्हणता येते. ते ऐकून तो रागावेल, बोलणे टाकील. वाल्याच्या घरच्यांनीही पोट भरणाऱ्याचा राग पत्करलाच होता.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्याआधी आपल्या मनातला संकासुर पाहावा. तो सध्या थट्टाच करीत असेल, हसूही येत असेल. वेद चोरीला गेले नाहीत तोवरच त्याला हाकलणे सोपे आहे. नामस्मरण म्हणजे तरी काय? स्मृती जागी ठेवणे. जेथे स्मृती जागी, तेथे ती चोरावी कोणी?