चौथी चिप

माझ्या कपाटातल्या जुन्या कंपासबॉक्समध्ये कॅसिनोच्या चार चिप्स आहेत. चारही पणजीच्या, चारही सगळ्यात कमी किमतीच्या. घरी आलेला माणूस त्या हातात घेतो, एकमेकींवर वाजवून बघतो आणि विचारतो, "किती जिंकला बे?" मी म्हणायचो, "मी खेळतच नाही. नुसत्या जमवतो."

हे उत्तर द्यायला मला फार आवडायचं.

खेळायचा तो माझा मित्र. दोघंही चिखली तालुक्यातले, शाळेत एका बाकावरचे. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यांच्यासाठी केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे, पुढे पणजी, आणि मग मांडवीत उभ्या असलेल्या जहाजावर. तो टेबलावर बसायचा, मी मागे उभा राहायचो. निघताना एक चिप न वटवता खिशात टाकायचो. कॅसिनोचं त्यात काहीच जात नाही, चिपचे पैसे त्यांनी आधीच घेतलेले असतात.

त्याला कुणी टोकलं की उत्तर तयार असे. "सोयाबीन पेरणं जुगार नाही तं काय हाय? भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. सारे कान देऊन ऐकतात. आपल्या रक्तातच हाय बे हे."

ऐकायला भारी, पण खोटं. पाऊस आपल्याला हरवायला बसलेला नसतो. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. सगळ्या घरांवर एकेक रुपया लावला, तरी हातात ३६च परत येतात. तो एक रुपया नशीब नेत नाही, टेबलाचा मालक नेतो. शिवाय शेतकरी पेरतो, कारण न पेरून भागत नाही. टेबलावरून उठता येतं, निदान सुरुवातीला तरी.

हे गणित मला पहिल्या खेपेलाच ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खेपा थांबल्या असत्या, आणि चिप्सही.

चौथ्या खेपेला सोयाबीनच्या पट्टीचे पैसे पहाटे तीनपर्यंत संपले. त्यानं मागे वळून हात पुढे केला. "तुह्या खिशातली चिप दे. एकच डाव." मी नाही म्हणालो. परतताना बसमध्ये तो म्हणाला, "बरं झालं, नाही देल्ली." गावात तो अजून सांगतो, मित्रानं वाचवलं.

खरं हे, की त्या क्षणी मला त्याची काळजी नव्हती. माझा संग्रह एका चिपेनं कमी होईल, एवढंच मनात होतं. चिप दिली नाही हे बरोबरच झालं. पण बरोबर घडलेल्या गोष्टीचं श्रेय मला घेता येईल का?

२०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यांना नाही. मला या नियमाचा राग यायचा. आपली माणसं वाचवायची आणि पाहुण्याला टेबलावर बसवायचं! मग मी वेगळं काय केलं? माझे पैसे वाचवले, मित्राला बसू दिलं.

द्यूताची गोष्ट सांगताना आपण युधिष्ठिराला आणि शकुनीला बोल लावतो. पण सभा भरलेली होती. विदुर बोलला, बाकी बहुतेक जण बघत राहिले. मी तर बघता बघता आठवणीही गोळा करत होतो.

मागच्या आठवड्यात हे सगळं त्याला सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मले माहीत होतं. मी तरी तुले काहून नेत होतो? संग कोणी असलं की जुगार सहल वाटते."

चिप्स अजून कंपासबॉक्समध्येच आहेत. कुणी विचारलं तर दाखवतो. फक्त 'मी खेळतच नाही' असं आता म्हणत नाही.