हिशेबाच्या वहीतला धोका


22 सप्टेंबर 2019 च्या रविवारी आपण मिस्साबलिदानात आमोस संदेष्ट्याचे वाचन ऐकले: गरिबाला मापात फसवणाऱ्या व्यापाऱ्यांविषयीचे. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने भांडुपच्या पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये! (मर्यादा पुढे वाढली.) एचडीआयएलची थकीत कर्जे 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांआड दडवल्याचे तपासात आढळले. चोर म्हटले की आपण खिडकीचे गज तपासतो. येथे धोका हिशेबाच्या वहीत होता. 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 5 लाखांवरील ठेवींचे पैसे मात्र 10 वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळायचे आहेत. असे कोणी आपल्या इमारतीत असेल, तर आज मिस्सानंतर त्यांच्याकडे जाऊ या.