घागरीतला सोबती

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर फराळाच्या ताटांना जागा नव्हती. माझी कॉलेजात जाणारी भाची आणि तिचे तीन मित्र टेबलाभोवती डोकी जुळवून बसले होते. मध्ये कागद, पेन्सिली, चकलीचे तुकडे आणि नाना आकारांचे फासे. त्यांत एक फासा वीस बाजूंचा! सारीपाटावर वाढलेल्या माझ्या नजरेला तो फासा कमी आणि सीताफळ अधिक वाटला.

या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. याला पट असलाच पाहिजे असे नाही. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे तिच्यातली पात्रे होतात, आणि पात्राने एखादे अवघड काम करायचे ठरवले की ते साधले की नाही, हे फासा सांगतो. कादंबरी लिहिताना मी जे एकट्याने आणि कण्हत करतो, ते ही मुले चौघांत आणि हसत करीत होती. मला थोडा हेवाच वाटला.

माझी भाची होती जादूगारीण. जादूगाराला या खेळात एक प्राणी सोबतीला बोलावता येतो. त्याचा विधी मोठा गमतीचा. त्यांच्याजवळच्या 2014च्या पुस्तकाप्रमाणे पितळी शेगडीत दहा सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळायच्या; तासाभराने सोबती हजर! तो घुबड होऊन येईल, मांजर होऊन येईल, कावळा किंवा उंदीर होऊन येईल. शहाणी माणसे बहुधा घुबड मागतात, कारण ते उडते आणि अंधारात पाहते. आमच्या बाईसाहेबांनी मागितला ऑक्टोपस! पाण्याबाहेर तो जेमतेम अर्धा तास श्वास रोखून धरतो. म्हणून त्याला पाण्याच्या घागरीत घालून ही डोंगरदऱ्या हिंडत होती. नाव ठेवले होते गंगू.

“अगं, पण ऑक्टोपसच का?” मी विचारले.

“मामा, त्याला कुणीच घेत नाही म्हणून,” ती म्हणाली.

मी पहिल्या बाकावरच्या मुलांना जितकी वर्षे शिकवली, तितकीच शेवटच्या बाकावरच्यांनाही. ते उत्तर मला फार आवडले.

थोड्या वेळाने गोष्ट एका पडक्या किल्ल्यातल्या बोळात शिरली. फरशीखाली सापळा असावा असा सर्वांना संशय होता. चष्मेवाला मुलगा म्हणाला, “गंगूला पुढे सोड. सापळा असेल तर कळेल.” भाची म्हणाली, “नाही.” तो म्हणाला, “अगं, ती मरत नाही! नाहीशी होते फक्त. दहा नाणी खर्च कर, पुन्हा येईल.” आणि नियमाने त्याचेच खरे होते. या सोबत्याचा देहसुद्धा मागे राहत नाही. पुन्हा शेगडी पेटवली की तोच परत येतो. तरी ही घागर कवटाळून बसलेली. शेवटी चौघेही माझ्याकडे वळले. “सर, तुम्हीच सांगा!”

मी वेळ काढण्यासाठी विचारले, “हा नियम पहिल्यापासून असाच आहे का?” सूत्रधार मुलाला खेळाचा इतिहास तोंडपाठ होता. तो म्हणाला, 1978च्या पुस्तकात कोणता प्राणी येणार हे फाशावर असे; दान वाईट पडले तर कोणीच येत नसे. आलेल्या सोबत्याचे बळ धन्याच्या बळात मिळे. पण तो मेला, तर त्याच्या दुप्पट बळ धन्याच्या अंगातून कायमचे जाई. 2000 सालच्या नियमांत धन्याने कमावलेल्या अनुभवातला काही भाग जाई आणि एक वर्ष एक दिवस दुसरा सोबती आणता येत नसे. वर्ष आणि वर एक दिवस! वर्षश्राद्ध उरकल्यावाचून नवा सोबती नाही, असेच जणू. आणि आता फक्त दहा नाणी. छत्तीस वर्षांत एका मुक्या जिवाचे मरण किती स्वस्त झाले पाहा!

माझ्यातल्या मास्तराला प्रथम वाटले, जुना नियमच बरा. शिक्षा असली की माणूस जपून वागतो. पण लगेच शंका आली. अंगातले बळ जाईल म्हणून जो सोबत्याला जपतो, तो जपतो कोणाला? सोबत्याला की स्वतःला? किंमत मोठी असली की स्वार्थ आणि माया एकाच रस्त्याने चालतात. दुरून कोण कोणते ते ओळखू येत नाही. दहा नाण्यांच्या नियमाने मात्र त्यांची फारकत होते. जिथे तोटा नाही आणि मरणही नाही, तिथे जो “नाही” म्हणतो, त्याच्या मनात मायेखेरीज दुसरे काय असणार?

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला मागाहून कळले. नाकारताना ते फक्त कुत्रे होते. इथे नेमके उलटे होते. गंगूचे काही बिघडणार नाही, हे भाचीला आधीच ठाऊक होते. तरी ती अडून बसली होती.

‘पण हा कागदावरचा ऑक्टोपस!’ असे वाचक म्हणतील. मीही तेच म्हणणार होतो. शिवाय आदल्याच दिवशी या दयाळू बाईने सुरमईच्या तीन तुकड्या फस्त केल्याचे बहिणीने मला सांगितले होते. पण तोंडापर्यंत आलेले हसू तिथेच थांबले; कारण मला मोत्या आठवला.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शाळेतून येताना ओढ्याला पाणी आले होते. पाणी घोट्याएवढे की कमरेएवढे, ते कळेना. मोत्या पायाशी होता. मी एक काटकी उचलली आणि पलीकडे फेकली. त्याने तत्काळ उडी घेतली. पाण्याने त्याला उचलले, गरगर फिरवले. बऱ्याच खाली एका झाडाच्या मुळ्यांना लागून तो कसाबसा पलीकडे चढला. मला हवे ते कळले. मी मागे फिरून देवळात बसलो. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर पलीकडे गेलो, तर हा ओला कुडकुडत माझी वाट पाहत होता. मला पाहून शेपटी हलवू लागला.

मोत्या पुढे पुष्कळ वर्षे जगला. हिशेबाने पाहिले तर कोणाचेच काही गेले नाही. पण ती हलणारी शेपटी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्याला तो खेळ वाटला होता. मी त्याचा विश्वास काठीसारखा पाण्यात बुडवून पाहिला होता.

मुलांना मी एवढेच म्हणालो, “नियमाने तुमचे बरोबर आहे. पण सोबती म्हणून बोलावलेल्याला काठी म्हणून वापरायचे, तर काठीच का घेऊ नये?”

भाचीने घागर खाली ठेवली आणि स्वतः पुढे झाली. फासा टाकला. दान वाईट पडले. सापळा उडाला, आणि जादूगारीण अर्धमेली झाली. चष्मेवाल्याला आपल्याजवळचे शेवटचे औषध तिला द्यावे लागले. तो कुरकुरला, आणि त्याची कुरकुर खोटी नव्हती. आपल्या मायेची किंमत पुष्कळदा शेजारचा भरतो; युधिष्ठिराच्या गोष्टीत हे येत नाही.

रात्री ओवाळणी झाल्यावर भाची हळूच म्हणाली, “मामा, माझं चुकलं का हो? त्याचं औषध गेलं.”

“उद्या त्याला तुझ्याजवळचं काहीतरी दे,” मी म्हणालो. “आणि आता बस इथे. तुला एका कुत्र्याची गोष्ट सांगतो.”