दगड सरकण्याआधीची वाट

ईस्टर म्हटले की डोळ्यांसमोर उजेडाचे चित्र उभे राहते. पहाटेची वेळ, बागेतील रिकामी कबर, फुलांनी सजलेली वेदी आणि एकमेकांना दिलेल्या शुभेच्छा. वसंत संपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा या सणाचा दिवस. झाडांना नवी पालवी फुटलेली असते आणि मनही प्रसन्न असते. परंतु ज्याच्या घरातून नुकतेच कोणी कायमचे निघून गेले आहे, ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याचा आजार हटत नाही, त्याला हा आनंद कधी कधी बोचतो. ‘धीर धरा, सगळे चांगले होईल’ असे आपण त्याला प्रेमाने सांगतो. तो मान डोलावतो आणि मनात म्हणतो, ‘हे तुम्हाला कसे ठाऊक?’

त्याचा प्रश्न रास्त आहे. सगळे चांगले होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. मग अशा माणसाने आशा कशाच्या बळावर धरायची? शेवट गोड होईल याची खात्री म्हणजेच आशा असेल, तर ती सुखी माणसालाच परवडेल. दुःखी माणसाच्या वाट्याला ती येणारच नाही. ईस्टरची कथा सावकाश वाचली तर या प्रश्नाला तिच्याजवळ वेगळे उत्तर आहे, आणि ते रविवारच्या उजेडाच्या आधी सुरू होते.

अपुरा राहिलेला निरोप

शुक्रवारी दुपारी येशूने क्रूसावर प्राण सोडला. सूर्य मावळताच शब्बाथ, म्हणजे यहुदी लोकांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होणार होता. त्या दिवशी कोणतेही काम करायचे नसे. हाताशी वेळ थोडा होता. अरिमथाईकर योसेफाने रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन देह मागून घेतला, तो तागाच्या वस्त्रात गुंडाळला आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला. तोंडावर मोठी शिळा लोटली गेली. गालीलापासून येशूबरोबर आलेल्या स्त्रिया हे सारे पाहत होत्या. मार्क आणि लूक यांच्या वृत्तांतानुसार देहाला सुगंधी द्रव्ये लावण्याचे काम त्या स्त्रियांच्या मनात राहूनच गेले होते. जिवलग माणसाचा निरोप अपुरा राहिला होता.

हे दुःख आपल्या देशाने फार जवळून पाहिले आहे. २०२० साली ईस्टर १२ एप्रिलला आला तेव्हा टाळेबंदीमुळे देशभरातील चर्चची दारे बंद होती. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. कोणाला पाणी पाजता आले नाही, कोणाला खांदा देता आला नाही, कोणाला अस्थी उशिरा मिळाल्या. तो सल अजूनही अनेकांच्या मनात आहे. अशा माणसाला ईस्टरची कथा परकी वाटू नये, कारण तिची सुरुवात नेमकी तेथूनच होते. त्या पहाटे बागेकडे निघालेल्या स्त्रियांना चमत्कार पाहायचा नव्हता. राहून गेलेला अंत्यसंस्कार त्यांना पुरा करायचा होता.

काहीच न घडलेला दिवस

शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्ये एक शनिवार आहे. शुभवर्तमानांत त्याच्याविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. मत्तय कबरेवर पहारा बसवल्याचे सांगतो, तर लूक स्त्रियांनी विसावा घेतल्याचे. एवढेच. ना देवदूत, ना आकाशवाणी. ज्याच्यासाठी घरदार सोडले तो गेला होता आणि शिष्य भयाने दारे लावून बसले होते.

आपण ही कथा वाचतो तेव्हा आपल्याला रविवार ठाऊक असतो. त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्यासाठी तो शनिवार ‘मधला’ दिवस नव्हता, तो शेवटच होता. आपल्या आयुष्यातील कठीण काळही बहुधा असाच असतो. मोठा आघात होतो तेव्हा माणसे धावून येतात, घर भरून जाते. मग तेरावा उलटतो, पाहुणे परततात, आणि काहीच न घडणारे लांबलचक दिवस सुरू होतात. प्रार्थना केली तरी उत्तर येत नाही, ध्यानाला बसले तरी मन रिकामेच राहते. तेव्हा वाटते की आपली श्रद्धा संपली. पण ईस्टरच्या कथेत हा मुका दिवसही आहे. तो गाळून रविवारपर्यंत पोहोचता येत नाही. त्या दिवशी स्त्रियांनी काय केले? त्यांनी आपला नियम पाळला, विसावा घेतला आणि जवळची सुगंधी द्रव्ये जपून ठेवली. कोरड्या दिवसांत श्रद्धेचे रूप कधी कधी एवढेच असते. जे हाताशी आहे ते जपायचे आणि उजाडण्याची वाट पाहायची.

पाय आधी निघाले

रविवारी उजाडता उजाडता त्या निघाल्या. त्यांच्यात मग्दालिया मरीया होती. वाटेत त्यांना एक अगदी व्यवहारी अडचण आठवली. कबरेच्या तोंडावरची ती भली मोठी शिळा बाजूला कोण करणार? आपल्या अंगात तेवढे बळ नाही हे त्यांना ठाऊक होते. मदतीला कोणी येईल असे आश्वासनही नव्हते. शहाणा माणूस म्हणाला असता, आधी शिळेची व्यवस्था करा, मग घराबाहेर पडा. त्या मात्र प्रश्न बरोबर घेऊनच चालत राहिल्या.

येथे आशेचा खरा अर्थ उलगडतो. त्या स्त्रियांना पुनरुत्थानाची अपेक्षा नव्हती, असती तर त्यांनी प्रेताला लावायची द्रव्ये बरोबर घेतली नसती. भविष्याविषयी त्यांच्याजवळ कसलीच खात्री नव्हती. त्यांच्याजवळ प्रेम होते, आणि त्या प्रेमाने समोर ठेवलेले एक काम होते. ते काम करायला त्या निघाल्या म्हणून शिळा सरकलेली पाहायला त्याच तेथे होत्या. म्हणजे आशा ही आधी मनात उगवलेली खात्री नव्हती. ती पावलांत होती.

उद्या काय होईल याचा चांगला अंदाज बांधणे म्हणजे आशावाद. अंदाज चुकला की तो कोसळतो. आशा अंदाजावर उभी नसते. जे खरे आहे आणि ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्याशी आपण निष्ठेने राहतो, परिणाम दिसत नसतानाही. गीतेतील निष्काम कर्माचा विचार ज्यांनी मनात मुरवला आहे त्यांना ही वाट अनोळखी वाटणार नाही. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. त्या स्त्रिया फळाबद्दल उदासीन नव्हत्या. त्या रडत होत्या. डोळ्यांत पाणी असूनही पुढचे पाऊल टाकता येते, हे त्या आपल्याला दाखवतात.

तुरुंगातला ईस्टर

याचे एक उदाहरण आपल्या काळाच्या जवळचे आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशक होते. १९५९ साली ते भारतात येऊन सुमारे एक महिना राहिले होते. गांधीजींचा अहिंसेचा मार्ग त्यांना जवळून समजून घ्यायचा होता. १९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात त्यांचा सत्याग्रह अडचणीत आला. न्यायालयाने मोर्चांना मनाई केली आणि पकडलेल्यांना जामिनावर सोडवण्यासाठी पैसा उरला नाही. किंग तुरुंगात गेले तर निधी कोण जमवणार, आणि न गेले तर लोकांना दिलेल्या शब्दाचे काय? सहकाऱ्यांपैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. घरी त्यांची धाकटी मुलगी अवघ्या पंधरा दिवसांची होती.

१२ एप्रिल १९६३ या दिवशी गुड फ्रायडे होता. किंग मोर्चात चालू लागले आणि त्यांना अटक झाली. त्या वर्षीचा ईस्टर त्यांनी कोठडीत काढला. तेथेच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी जे पत्र लिहायला घेतले, ते पुढे जगभर वाचले गेले. जामिनाचा पैसा पुढे उभा राहिला आणि १० मे रोजी शहरात समझोता जाहीर झाला. पण ते चालू लागले तेव्हा यातले काहीच त्यांना दिसत नव्हते. शिळा जागच्या जागीच होती.

कथा येथे गोड करून संपवणे खोटेपणाचे ठरेल. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधील एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि १९६८ साली खुद्द किंग यांची हत्या झाली. एक रविवार आला म्हणून पुढचे शुक्रवार टळत नाहीत. पण एकदा टाकलेले पाऊल वाया गेले असेही म्हणता येत नाही.

जखमा पुसल्या गेल्या नाहीत

पुनरुत्थानानंतरच्या भेटींचे वर्णन वाचताना एक गोष्ट मनाला थांबवते. येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. थोमा नावाचा शिष्य पहिल्या भेटीच्या वेळी हजर नव्हता. त्या खुणा स्वतः पाहिल्याशिवाय आपण विश्वास ठेवणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आठ दिवसांनी येशू त्याला त्याच खुणा दाखवतो. शंका घेतली म्हणून त्याला मंडळीतून कोणी काढत नाही. हाच थोमा इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि आजच्या चेन्नईजवळ त्याने देह ठेवला, असे भारतातील ख्रिस्ती परंपरा मानते. आपल्या भूमीशी जोडले गेलेले हे नाव एका प्रामाणिक संशयी माणसाचे आहे, हे दिलासा देणारे आहे.

नवे जीवन म्हणजे काही घडलेच नाही असे होणे नव्हे. अपत्य गमावलेली आई पुन्हा हसू लागते तेव्हा तिचे दुःख संपलेले नसते. जखम राहते, पण तिच्यातून आता रक्त वाहत नाही. तीच जखम दुसऱ्याला ओळखण्याचे साधन होते. म्हणून दुःखी माणसाला ‘आता विसर’ असे सांगू नये.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. पुनरुत्थित येशू पिलातासमोर जाऊन उभा राहत नाही. ज्यांनी खोटी साक्ष दिली, ज्यांनी थट्टा केली, त्यांच्याकडे तो फिरकतही नाही. तो जातो मित्रांकडे, ज्यांनी त्याला एकटे सोडले होते. पेत्राने त्या रात्री तीनदा त्याची ओळख नाकारली होती. सरोवराच्या काठी मासे भाजून न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारतो आणि तीनदा काम सोपवतो. हिशेब चुकता करण्याऐवजी नाते सांधले जाते. पसायदानात ज्ञानदेवांनीही दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातील वाकडेपणा जावा एवढेच मागितले. आशेला सूडाची जोड लागली की तिचा द्वेष होतो, हे दोन्हीकडे सारख्याच स्पष्टपणे दिसते.

आपली शिळा, आपले पाऊल

ख्रिस्ती श्रद्धाळूंसाठी पुनरुत्थान हे रूपक नाही. ती खरोखर घडलेली घटना आहे आणि त्यांची सारी श्रद्धा तिच्यावर उभी आहे. इतर मार्गांवरच्या साधकांनी या श्रद्धेचा आदर राखूनच या कथेजवळ जावे. मराठीला ती परकीही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. चारशे वर्षांहून अधिक काळ ही पहाट आपल्या भाषेतही उजाडते आहे.

आज आपल्यापैकी जो कठीण काळातून जात असेल त्याने स्वतःवर आनंदी होण्याची सक्ती करू नये. थोडा वेळ शांत बसावे. माझ्या वाटेवरची शिळा कोणती, हे एकदा मनात स्पष्ट पाहावे आणि ती मला एकट्याला हलवता येणार नाही, हेही मान्य करावे. मग एवढेच विचारावे की प्रेमाने माझ्यासमोर आज कोणते काम ठेवले आहे? ते काम लहान असेल. आजारी माणसाच्या उशाशी बसणे, राहून गेलेला फोन करणे, ज्याचा निरोप अपुरा राहिला त्याच्या नावाने एक दिवा लावणे किंवा एखाद्या भुकेल्याला जेवू घालणे. आणि आपल्या ओळखीत कोणी शनिवारच्या मुक्या दिवसात अडकले असेल, तर त्याला उपदेश न करता त्याच्याबरोबर चार पावले चालावे. अम्माऊसच्या रस्त्यावर आशा सोडलेल्या दोन शिष्यांना तो भेटला, तेव्हा आधी तो त्यांच्याबरोबर चालला आणि त्यांचे दुःख त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. बोलला तो नंतर.

शिळा केव्हा सरकेल, कोण सरकवील, हे आपल्या हाती नाही. पहाटे उठून निघणे मात्र आपल्या हाती आहे.