पूर्तधर्म आणि भांडवलाचा हक्क

विहिरी, तलाव, आमराया आणि धर्मशाळा यांना आपल्या धर्मशास्त्राने पूर्तधर्म म्हणून यज्ञयागांच्या पंक्तीला बसविले. आणि तलाव बांधून झाला तरी त्याचा विधिपूर्वक उत्सर्ग केल्यावाचून ते पुण्यकर्म पुरे होत नाही, असेही सांगितले. दान विशिष्ट पात्राला द्यावयाचे असते, उत्सर्ग सर्व भूतमात्रांसाठी असतो. तो केल्यावर बांधणाऱ्याचा त्या पाण्यावर इतरांइतकाच हक्क उरतो. मुंबईत वकिली करीत धर्मशास्त्राचा इतिहास सिद्ध करणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी हा भेद विशद केला आहे. आणि सार्वजनिक कामांत खाजगी भांडवलाचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार करताना मला त्याचाच आधार वाटतो.

माहीमची खाडी ओलांडणाऱ्या रस्त्यासाठी जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे 1,57,000 रुपये दिले आणि पथकर घेऊ नये अशी अट घातली. 1845 साली तो रस्ता खुला झाला. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडून 1926 साली जे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली, ती अध्यापक हिंदी असावेत या अटीवर. दोन्ही ठिकाणी अट दात्याची होती, परंतु तिचे फळ लोकांच्या पदरात पडले.

गिरगावच्या नाना शंकरशेटांनी जिच्यासाठी खटपट केली, ती 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली आगगाडी मात्र पुण्यार्थ नव्हती, आणि तशी ती असावी असा आग्रहही कोणी धरू नये. व्यापाऱ्याने नफा मिळविणे हा अधर्म नव्हे. परंतु त्या रेल्वे कंपनीला सरकारने जमीन मोफत दिली, भांडवलावर 5 टक्क्यांची हमी दिली, आणि उत्पन्नात येणारी तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे ज्या रयतेने आगगाडी डोळ्यांनीही पाहिली नव्हती तिच्या श्रमातून, भरून काढली. नफ्याला नैतिक अधिष्ठान असते ते जोखमीचे. ती दुसऱ्याच्या माथी ठेवून घेतलेला नफा दान तर नव्हेच, पण व्यापारही नव्हे.

तथापि दात्याच्या श्रद्धेवर सारी भिस्त ठेवता येत नाही. जलाशय सर्व भूतांचे, असे शास्त्रात लिहिणाऱ्या याच समाजाने अस्पृश्यांना पाणी नाकारले, आणि परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांना 1927 साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून सर्वांचा हक्क हा दात्याच्या किंवा कंत्राटदाराच्या मर्जीवर न राहता कायद्यानेच निश्चित झाला पाहिजे.

आज पूल आणि मेट्रो भागीदारीत बांधण्याचे करार होतात, त्यांच्याकडे धर्मबुद्धीने पाहणाऱ्याने दोनच गोष्टी मागाव्यात: भांडवलाने जेवढी जोखीम खरोखर पत्करली असेल तेवढाच नफा त्याला मिळावा, आणि ते काम निरपवादपणे जनतेच्या स्वाधीन होण्याचा दिवस करारातच नमूद असावा, नफा मनासारखा झाला नाही म्हणून तो पुढे ढकलला जाऊ नये. ज्या करारात हा उत्सर्ग नाही, त्यातून उभा राहिलेला पूल कितीही भक्कम असला तरी त्याला सार्वजनिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.